ऑनलाइन किरकोळ कमाई आणि अचानक कापलेला कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेखन, डिझाइन, यूट्यूब, अॅफिलिएट लिंक (दुसऱ्याच्या मालाची लिंक देऊन मिळणारं कमिशन), घरगुती मालाची ऑनलाइन विक्री, अशा जोडकमाईत "मध्येच पैसे कापले" म्हणून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केलेत. उत्तरं आर्थिक वर्ष २०२५-२६ (आकारणी वर्ष २०२६-२७) साठी आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तींसाठी आहेत. जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आणि पगार सोडून बाकीचा टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारजमा केलेला कर) त्यात कलम ३९३ मध्ये एकत्र आला. पण २०२५-२६ च्या कागदांवर जुनेच कलम क्रमांक असल्याने इथेही तेच वापरलेत.

१. ठरलेल्यापेक्षा पैसे कमी आले. हा कर आहे की साइटने स्वतःची फी कापली?

आधी हेच शोधा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. बँकेचा मेसेज पाहून काही कळणार नाही. साइटवरचा त्या पेमेंटचा तपशील उघडा आणि कपातीच्या ओळी एकेक करून वाचा.

"टीडीएस" असं लिहिलं असेल तर ती रक्कम तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा होते आणि हिशेबात धरता येते. "टीसीएस" (विक्रीच्या पैशांतून साइटने वसूल केलेला कर) लिहिलं असेल आणि तुम्ही जीएसटी नोंदणी केलेले विक्रेते असाल, तर तो जीएसटीचा मामला आहे (प्रश्न १२). "यूएस टॅक्स" किंवा "विदहोल्डिंग" दिसलं तर तो अमेरिकेचा कर (प्रश्न १४ आणि १५). कमिशन, पेमेंट गेटवेचा खर्च, डॉलरचे रुपये करताना बँकेने घेतलेला आकार आणि या सगळ्यांवरचा १८ टक्के जीएसटी हा तुमच्या उत्पन्नावरचा करच नाही, तो खर्च आहे. तो परत मागता येत नाही, पण धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. आमच्याकडे "टीडीएस कापला" म्हणून येणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये हा चौथा प्रकार बऱ्याचदा निघतो.

२. टीडीएस कापला म्हणजे त्या कमाईवरचा कर भरून झाला ना?

नाही. टीडीएस ही उचल आहे. पैसे देणाऱ्याला तुमचं वर्षाचं उत्पन्न माहीत नसतं. कायद्याने ठरवून दिलेला दर लावून तो कापतो आणि सरकारजमा करतो. वर्षाअखेर तुमचा खरा कर किती, हे विवरणपत्रात ठरतं. जास्त कापला असेल तर परतावा मिळतो, कमी कापला असेल तर उरलेला भरावा लागतो. अॅफिलिएट कमिशनवर २ टक्के कापले गेले आणि तुम्ही पगारामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर बाकीचा कर तुम्हीच भरायचाय. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त उरत असेल तर आगाऊ कराचे हप्तेही लागतात.

३. वर्षभर एक रुपया कापला नाही आणि फेब्रुवारीच्या ६,००० च्या बिलातले ६०० च आले. हे कसं?

सगळ्यात जास्त धक्का याचाच बसतो, आणि बहुतेक वेळा हिशेब बरोबर असतो.

व्यावसायिक सेवेसाठी (कलम १९४-जे) वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत टीडीएस नाही. समजा, एका कंपनीने जानेवारीपर्यंत तुम्हाला ४८,००० दिले. काही कापलं नाही, ते योग्यच होतं. फेब्रुवारीत ६,००० चं बिल आलं, बेरीज ५४,००० झाली. मर्यादा ओलांडल्यावर कर फक्त वरच्या ४,००० वर लागत नाही, पूर्ण ५४,००० वर लागतो. १० टक्के म्हणजे ५,४००. आधीचे पैसे देऊन झालेत, मग कापणार कुठून? समोर आहे त्या ६,००० मधून. हातात ६००.

कंपनीच्या अकाउंट्स विभागाने आधी एक ओळीचा ईमेल टाकला असता तर माणूस चरकला नसता, पण तसा ईमेल क्वचितच येतो. तुम्हीच डिसेंबरमध्ये एकदा प्रत्येक ग्राहकाची बेरीज करून ठेवा. ५,४०० बुडालेले नाहीत. ते परत कसे मिळवायचे ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये.

४. कशावर किती कापतात?

व्यावसायिक फी आणि रॉयल्टी: १९४-जे, १० टक्के, ५०,००० च्या वर. तांत्रिक सेवा याच कलमात, पण २ टक्के. कमिशन, म्हणजे बहुतेक अॅफिलिएट कमाई: १९४-एच, २ टक्के, २०,००० च्या वर. कंत्राटी काम: १९४-सी, व्यक्तीला १ टक्का, एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर. ऑनलाइन बाजारातून विक्री: १९४-ओ, ०.१ टक्का, व्यक्तीला ५ लाखांच्या वर.

यातल्या मर्यादा प्रत्येक देणाऱ्यासाठी वेगळ्या मोजतात. तीन कंपन्यांनी प्रत्येकी ४०,००० फी दिली तर कोणीच कापणार नाही, पण तुमचे १,२०,००० उत्पन्नात धरायचेच. आणि तुमचा ग्राहक एखादी छोटी व्यक्ती असेल, म्हणजे आदल्या वर्षी तिची धंद्यातली उलाढाल १ कोटीच्या किंवा व्यवसायातली ५० लाखांच्या आत असेल, तर तिच्यावर हा टीडीएस कापायची सक्तीच नाही. सोसायटीतल्या काकूंच्या बेकरीचा लोगो केलात तर त्या पूर्ण पैसे देतील.

बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा असतो. बिलात नुसता एकच आकडा लिहिलात तर सगळ्यावर कापतील.

५. माझं उत्पन्न करपात्रच नाही, मी विद्यार्थी आहे. १५-जी भरून दिला तर कापणार नाहीत ना?

१५-जी म्हणजे "माझ्यावर कर लागत नाही, कापू नका" असं देणाऱ्याला सांगणारा नमुना. तो मुख्यतः बँकेच्या व्याजासाठी लोकांच्या ओळखीचा आहे. १९४-जे, १९४-एच, १९४-सी किंवा १९४-ओ साठी तो चालत नाही. अकाउंट्सवाल्याने नाकारला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

कमी दराने किंवा अजिबात कापू नये म्हणून आयकर अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे (कलम १९७, अर्ज नमुना १३). पण वर्षाला पाच-सात हजारांचा टीडीएस वाचवायला एवढा व्याप करू नये, असं आमचं मत. कापू द्या, आणि विवरणपत्र भरून परत घ्या.

६. दर १० टक्के असताना माझे २० टक्के कापले. चूक कोणाची?

बहुधा पॅनची. पॅन दिलाच नसेल, चुकीचा दिला असेल, किंवा आधारशी जोडलेला नसल्यामुळे तो "निष्क्रिय" झाला असेल, तर कलम २०६-एए नुसार २० टक्के कापतात. ऑनलाइन विक्रीच्या १९४-ओ मध्ये हाच दर ५ टक्के आहे, आणि पॅन किंवा आधार न दिल्यास ५ लाखांपर्यंतची सूटही जाते. म्हणूनच महिन्याला चार कुर्ते विकणाऱ्या ताईंच्या पेमेंटमध्ये कपात दिसली की आम्ही आधी विचारतो, "पॅन टाकलाय का?"

प्राप्तिकराच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगइन न करताही पॅन-आधार जोडणीची स्थिती पाहता येते. जोडणी राहिली असेल तर १,००० रुपये शुल्क भरून करता येते. आधीच कापलेले २० टक्के विवरणपत्रातून मागता येतात, मात्र पॅन निष्क्रिय असलेल्या काळाचं परताव्यावरचं व्याज मिळत नाही.

७. कापलेला पैसा खरोखर माझ्या नावावर जमा झाला का, हे कुठे दिसतं?

२६-एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात. ई-फायलिंगला लॉगइन करा, तिथून ट्रेसेस या संकेतस्थळावर जाता येतं. देणाऱ्याचं नाव आणि टॅन (कर कापणाऱ्याचा) क्रमांक दिसतो. ओळ उघडली की कलम, व्यवहाराची तारीख, दिलेली रक्कम, कापलेला कर, जमा केलेला कर असे रकाने दिसतात. "बुकिंगची स्थिती" या रकान्यात इंग्रजी "एफ" असेल तर नोंद पक्की. "यू" असेल तर कंपनीने भरलेलं चलन जुळलेलं नाही, त्यांच्यामागे लागा.

एआयएस (वार्षिक माहिती पत्रक) हे त्याहून मोठं. त्यात व्याज, शेअर्स, सगळंच येतं. त्याच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान इंग्रजी अक्षरांतला पॅन आणि लगेच पुढे जन्मतारीख (दिवस, महिना, वर्ष).

घाई मात्र करू नका. कंपन्या टीडीएसचं पत्रक तिमाहीनंतर भरतात: जूनअखेरचं ३१ जुलैपर्यंत, सप्टेंबरअखेरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत, डिसेंबरअखेरचं ३१ जानेवारीपर्यंत आणि मार्चअखेरचं थेट ३१ मेपर्यंत. फेब्रुवारीत कापलेला कर एप्रिलमध्ये दिसला नाही म्हणून कंपनीने बुडवला असं नसतं. जून उजाडू द्या. त्यानंतर १६-ए हे टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्रही मागून घ्या. जूनमध्येही दिसत नसेल तर प्रश्न १७.

८. परतावा कसा मिळवायचा? आणि सात-आठशे रुपयांसाठी विवरणपत्र भरणं परवडतं का?

मार्ग एकच, विवरणपत्र. वेगळा अर्ज नाही. उत्पन्न पूर्ण दाखवा, २६-एएस मधला टीडीएस जमेला धरा, परतावा आपोआप निघतो. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावरचा कर कलम ८७-ए च्या सवलतीमुळे शून्य होतो. त्यामुळे जोडकमाई करणाऱ्या बऱ्याच जणांचा भारतात कापलेला टीडीएस पूर्ण परत येतो.

दोन गोष्टींवर गाडी अडते. पहिली, बँक खातं संकेतस्थळावर "प्री-व्हॅलिडेट" (आधीच पडताळून) केलेलं नसतं किंवा खात्यावरचं नाव पॅनशी जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे परतावे इथेच लटकतात. दुसरी, विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करायची राहून जाते. पडताळणीशिवाय ते भरलं असं धरतच नाहीत.

सात-आठशे रुपयांसाठी सीएला हजार-पंधराशे देणं वेडेपणा आहे. स्वतः भरणार असाल तर जरूर भरा, कर्ज किंवा व्हिसाच्या वेळी कामी येतं. मात्र वर्षाचा टीडीएस-टीसीएस मिळून २५,००० किंवा जास्त असेल, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र सक्तीचं आहे.

मुदत दरवर्षी संकेतस्थळावर पाहा, कारण ती सरकते: २०२५ मध्ये ३१ जुलैची १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर झाली होती. चुकलात तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं भरता येतं, परतावाही मिळतो. विलंब शुल्क ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० रुपये, वर ५,०००. उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या आत असेल तर शुल्क नाही.

९. मी नोकरीमुळे आयटीआर-१ (पगारदारांचं सोपं विवरणपत्र) भरते. ही कमाई त्यातच "इतर उत्पन्न" म्हणून दाखवली तर?

एखाद्याच लेखाचं मानधन असेल तर लोक तसं दाखवतात आणि फारसं काही होत नाही. पण दर महिन्याला पैसे येत असतील तर तो धंदा-व्यवसाय आहे, आणि त्याला आयटीआर-१ चालत नाही. २६-एएस मध्ये १९४-जे ची नोंद आणि तुमच्या विवरणपत्रात व्यवसायाचं नाव नाही, हा विरोध संगणकाला लगेच दिसतो.

सोपा पर्याय आयटीआर-४. छोट्या धंद्यात कलम ४४-एडी खाली डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के नफा धरता येतो. कायद्याने नेमून दिलेल्या व्यवसायांत (माहिती तंत्रज्ञान, वास्तुरचना, अंतर्गत सजावट, तांत्रिक सल्ला वगैरे) कलम ४४-एडीए खाली किमान ५० टक्के. इन्फ्लुएन्सरसाठी आयटीआर-३ आणि ४ मध्ये १६०२१ हा स्वतंत्र संकेतांक आकारणी वर्ष २०२५-२६ पासून आला आहे.

फसगत होते ती अॅफिलिएटवाल्यांची. कमिशन किंवा दलालीच्या उत्पन्नाला ४४-एडी लागू नाही, हे कलमातच लिहिलंय. त्यामुळे नुसती अॅफिलिएट कमाई असेल तर आयटीआर-३ आणि खरा खर्च-जमा हिशेब. व्हिडिओतून "६ टक्के दाखवा, मोकळे व्हा" सांगणारे हे सांगत नाहीत.

१०. बँकेत ८१,००० आले आणि २६-एएस मध्ये १ लाखाच्या वर दिसतंय. कोणता आकडा दाखवू?

मोठा. कापलेला कर हेही तुमचंच उत्पन्न आहे. फी ५४,००० आणि टीडीएस ५,४०० असेल तर जमा ५४,००० दाखवायची, ४८,६०० नाही. उलट केलंत तर टीडीएस मागता आणि त्याचं उत्पन्न लपवता, असा अर्थ निघतो आणि परतावा अडकतो.

ऑनलाइन विक्रीत फरक आणखी वाढतो, कारण १९४-ओ चा कर एकूण विक्री किमतीवर लागतो. साइटचं कमिशन आणि कुरिअर खर्च वजा व्हायच्या आधी. तिथे विक्री पूर्ण दाखवा आणि कमिशन-कुरिअर खर्चात टाका. परत आलेल्या मालाच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

११. काम तेच. एक कंपनी १ टक्का कापते, दुसरी १० टक्के. कोण चुकतंय?

एक जण कामाला "कंत्राट" म्हणतो (१९४-सी), दुसरा "व्यावसायिक सेवा" (१९४-जे). मजकूर लेखन, व्हिडिओ संपादन यांत हे दोन्ही दिसतं. तुमचा वर्षअखेरचा कर त्याने बदलत नाही, हातात येणारी रोकड बदलते. वाद घालून ग्राहक गमावू नका.

१२. आमचा महिला बचत गट चटण्या आणि पापड ऑनलाइन विकतो. विक्री ५ लाखांच्या जवळपासही नाही, तरी पहिल्या ऑर्डरपासून ०.१ टक्के कापतात.

५ लाखांची सूट फक्त व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. गट स्वतःच्या पॅनवर विकत असेल तर तो "व्यक्ती" नाही, त्यामुळे पहिल्या रुपयापासून कपात होते. एक लाखाच्या विक्रीवर १०० रुपये. चीड येते खरी, पण बेकायदा नाही. गटाच्या पॅनवर विवरणपत्र भरलं तर जमेला धरता येतं. गटाची विक्री एखाद्या ताईच्या वैयक्तिक पॅनवर टाकून सूट मिळवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सगळ्या गटाची कमाई मग त्या एकटीच्या नावावर दिसते.

जीएसटी नोंदणी असेल तर शिवाय टीसीएस कापला जातो. हा दर १० जुलै २०२४ पासून १ वरून ०.५ टक्क्यावर आला. तो २६-एएस मध्ये शोधत बसू नका; जीएसटी पोर्टलवर "टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट" मध्ये जाऊन स्वीकारला की रोख खातेवहीत जमा होतो.

१३. एका ब्रँडने परीक्षणासाठी ३२,००० चा फोन दिला. रोख काही नाही, तरी कर मागतात!

वस्तूही उत्पन्नच धरली जाते. १ जुलै २०२२ पासून कलम १९४-आर आहे: धंदा-व्यवसायाच्या निमित्ताने वर्षात २०,००० च्या वर लाभ दिला तर १० टक्के. फोनमधून कापायला काही नाही, म्हणून ब्रँड ३,२०० तुमच्याकडून मागतो, तेवढा आगाऊ कर तुम्ही भरल्याचा पुरावा मागतो किंवा सोबतच्या रोख मानधनातून वळता करतो. समंजस ब्रँड स्वतःच्या खिशातून भरतात.

फोन परत केलात तर तो लाभ नाही आणि करही नाही. तेव्हा व्हिडिओच्या आधीच "वस्तू परत करायची की ठेवायची" हे ईमेलवर लिहून घ्या. ठेवलात तर ३२,००० जमेत धरा.

१४. माझं चॅनेल मराठी, प्रेक्षक सांगली-साताऱ्याचे. अमेरिका कर का कापते?

चॅनेल कुठलं याला महत्त्व नाही. अमेरिकेत बसून पाहणाऱ्यांमुळे झालेली कमाई तिथल्या कायद्यात रॉयल्टी ठरते. यूट्यूबने ही कपात जून २०२१ मध्ये सुरू केली. न्यू जर्सीतल्या मावशीने तुमची पुरणपोळी पाहिली की तेवढ्या कमाईवर कर लागतो. भारतातल्या प्रेक्षकांच्या भागावर नाही.

खरं नुकसान होतं ते अॅडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे देणारं गूगलचं खातं) करविषयक माहिती न भरल्याने. आकड्यांत पाहा. महिन्याची कमाई ८०० डॉलर, त्यातली अमेरिकन प्रेक्षकांची १२०. डब्ल्यू-८ बेन (अमेरिकेबाहेरच्या व्यक्तींसाठीचा कर अर्ज) भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला असेल तर १२० वर १५ टक्के, म्हणजे १८ डॉलर. अर्ज भरला पण कराराचा रकाना सोडला तर ३० टक्के, ३६ डॉलर. काहीच भरलं नाही तर वैयक्तिक खात्याला पूर्ण ८०० वर २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १९२ डॉलर जाऊ शकतात.

अर्जात "परदेशी कर क्रमांक" विचारतात, तिथे पॅन टाकायचा. पत्ता आणि नाव पॅनप्रमाणेच. अर्ज सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेरपर्यंत चालतो. २०२३ मध्ये भरलेला ३१ डिसेंबर २०२६ ला संपेल. जास्त कापलं गेलं असेल तर त्याच कॅलेंडर वर्षात अर्ज दुरुस्त करा, गूगलकडून फरक परत मिळू शकतो. वर्ष उलटलं की अमेरिकेच्या कर खात्याकडे मागावं लागतं, आणि २०-३० डॉलरसाठी ते कोणी करत नाही.

अमेझॉनच्या केडीपीवर स्वतःचं ई-पुस्तक काढणाऱ्यांनाही तेच: अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर करार लावला तर १५ टक्के, नाहीतर ३०.

१५. हा अमेरिकेत कापलेला कर टीडीएससारखा भारतात परत मिळतो का?

परत मिळत नाही. फार तर भारतातल्या करातून वजा होतो, तोही भारतात त्या उत्पन्नावर जेवढा कर लागतो तेवढ्याच मर्यादेत. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १५ टक्के पूर्ण वजा होतील. पण एकूण उत्पन्न ९ लाख असेल आणि सवलतीमुळे भारतात कर शून्य असेल, तर वजा करायला काहीच नाही. अमेरिकेतला कर गेला तो गेला. छोट्या कमाईवाल्यांना हे सांगताना आम्हालाही वाईट वाटतं.

वजावट घ्यायची तर नमुना ६७ ऑनलाइन भरावा लागतो, आकारणी वर्ष संपायच्या आत (यंदासाठी ३१ मार्च २०२७), आणि शक्यतो विवरणपत्राच्या आधी. पुरावा म्हणून गूगल किंवा अमेझॉनचं १०४२-एस (अमेरिकेत कर कापल्याचं पत्रक). ते जानेवारी ते डिसेंबरचं असतं आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे महिनावार पेमेंट पावत्या जपाव्याच लागतात. रुपयांत रूपांतर करताना, कर कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) घ्यायचा. विवरणपत्रही आयटीआर-४ चालणार नाही, ३ लागेल.

१६. गेमिंग अॅपवर जिंकलेल्या पैशांतून ३० टक्के गेले. उत्पन्न नाही, तर परत मिळतील ना?

नाही. ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकीवर (कलम १९४-बीए) कापलेले ३० टक्के हाच त्याचा अंतिम दर आहे. मूळ सूट मर्यादा त्याला लागत नाही, ८७-ए ची सवलतही नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, पण त्याआधीच्या जिंकीची करदेयता तशीच आहे. बक्षिसांच्या क्विझ-सोडतींचंही (१९४-बी) असंच. फक्त तिथे टीडीएस एका वेळच्या १०,००० च्या वर कापतात.

क्रिप्टोत विक्रीवर १ टक्का टीडीएस (१९४-एस) आणि नफ्यावर सरसकट ३० टक्के. इथला १ टक्का मात्र जमेला धरता येतो. तोट्यात विकलं असेल तर परतावाही निघतो.

१७. कंपनीने बिलातून टीडीएस कापला, पण २६-एएस मध्ये त्याचा पत्ताच नाही. फोनही उचलत नाहीत.

जूनपर्यंत थांबूनही नसेल तर तीन शक्यता: तुमचा पॅन चुकीचा टाकला, पैसे भरले पण पत्रक भरलं नाही, किंवा भरलेच नाहीत. पहिली सगळ्यात सोपी. त्यांनी दुरुस्ती पत्रक भरलं की काही आठवड्यांत दिसतं. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि पॅन लिहून ईमेल करा, फोनवर बोलू नका.

भरलेच नसतील तर कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: तुमच्या पैशांतून कापून झालेला कर सरकार तुमच्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही. प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना तशा सूचनाही दिल्या आहेत. पण वसुली न होणं वेगळं आणि परतावा हातात पडणं वेगळं. २६-एएस मध्ये नोंद नसताना संगणक जमा देत नाही. बिल, बँकेची नोंद आणि कपात दाखवणारा कागद घेऊन अधिकाऱ्याकडे जावं लागतं. म्हणून कपातीची पावती पहिल्याच दिवशी मागा.

१८. मार्चच्या बिलावर टीडीएस मार्चमध्येच दिसतोय, पैसे मात्र एप्रिलमध्ये आले. कोणत्या वर्षात धरू?

उत्पन्न ज्या वर्षात दाखवाल त्याच वर्षात त्याचा टीडीएस. तुम्ही रोख पद्धतीने हिशेब ठेवत असाल, तर पैसे आलेल्या वर्षात दोन्ही धरा आणि यंदाच्या विवरणपत्रात तो टीडीएस "पुढे ओढलेला" म्हणून दाखवा. टीडीएसच्या तक्त्यात तसा रकाना आहे. उत्पन्न पुढच्या वर्षात आणि टीडीएस यंदा, असं केलंत तर नोटीस ठरलेली.

१९. चॅनेल मुलीचं, पण पॅन आणि बँक खातं माझं. कर कोणाचा?

मुलगी सज्ञान असेल तर उत्पन्न तिचं. अल्पवयीन असली आणि कमाई तिच्या कला-कौशल्याची असेल तरीही ती आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. पण टीडीएस तुमच्या पॅनवर पडतो तोवर सरकारला कमाई तुमची दिसते. देणाऱ्याकडे लेखी घोषणापत्र देऊन नोंद तिच्या पॅनवर करून घेता येते (नियम ३७-बीए). पॅन अल्पवयीनांनाही मिळतो, तेव्हा तो काढून पुढच्या करारांत तोच द्या. सासूबाईंच्या पाककृतींचं चॅनेल सुनेच्या नावावर असेल तिथेही हेच.

२०. मागच्या तीन वर्षांचा टीडीएस मागायचाच राहिला. आता?

३१ डिसेंबर उलटून गेला की नेहमीचं विवरणपत्र बंद. चार वर्षांपर्यंत भरता येणारं "अद्ययावत विवरणपत्र" परताव्यासाठी चालत नाही. ते जादा कर भरणाऱ्यांसाठी आहे. उरतो तो विलंब माफीचा अर्ज, कलम ११९(२)(बी). आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत तो करता येतो: आर्थिक वर्ष २०२२-२३ साठी ३१ मार्च २०२९ पर्यंत. ई-फायलिंगच्या "सर्व्हिसेस" मध्ये सोय आहे. उशिराचं खरं कारण द्यावं लागतं (आजारपण, घरातलं दुःख), आणि मंजूर झाला तरी व्याज मिळत नाही. वीस-पंचवीस हजार अडकले असतील तर करा, दोन हजारांसाठी आम्ही सुचवत नाही.

२१. मी जर्मनीत राहते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम केलं तर त्यांनी २०.८ टक्के कापले!

तुम्ही अनिवासी असल्याने वरच्या मर्यादा आणि दर तुम्हाला लागत नाहीत. तुमच्यासाठी कलम १९५: तांत्रिक सेवा किंवा रॉयल्टीवर २० टक्के अधिक ४ टक्के उपकर, पहिल्या रुपयापासून. भारत-जर्मनी करारात या दोन्हींचा दर १० टक्के आहे, पण तो आपोआप लावत नाहीत. जर्मन कर कार्यालयाकडून त्या वर्षाचा रहिवासी दाखला घ्या, प्राप्तिकर संकेतस्थळावर नमुना १०-एफ भरा आणि दोन्ही बिलाबरोबर पाठवा. आधीच कापलेला फरक भारतात विवरणपत्र भरून मागता येतो, त्यासाठी परतावा घेता येईल असं एनआरओ (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं) खातं चालू ठेवा.